अमेरिकेतली बंदूक: आधी कर्तव्य, मग हक्क

८ मे १७९२ रोजी अमेरिकेत एक कायदा झाला. १८ ते ४५ वर्षे वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाने मिलिशियात, म्हणजे गावोगावच्या नागरी सेनेत, नाव नोंदवायचे. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत पदरच्या पैशाने ठासणीची बंदूक घ्यायची. सोबत संगीन, पट्टा, चकमकीच्या गारगोटीचे दोन जादा तुकडे, पाठीवरची पिशवी आणि किमान २४ काडतुसे मावतील अशी पेटी. बंदुकीऐवजी रायफल असेल तर २० गोळ्या, दारूचे शिंग आणि पाव पौंड दारू. कवायतीच्या दिवशी हा सगळा सरंजाम घेऊन मैदानावर हजर व्हायचे. तिथे अधिकारी सामान तपासत, कोणाकडे काय आहे याची नोंद होई आणि ती वरपर्यंत जाई.

हा कायदा होण्याच्या पाचच महिने आधी, १५ डिसेंबर १७९१ रोजी, अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती मंजूर झाली होती. बंदूक बाळगण्याचा हक्क, हक्क असे आज जे म्हटले जाते, तो हाच. ज्या पिढीने हा हक्क लिहिला तिनेच लगोलग कोणी कोणती बंदूक घ्यायची, किती दारू ठेवायची आणि ती कधी दाखवायला आणायची हे ठरवून दिले. त्या माणसांना या दोन गोष्टींमध्ये काही विसंगती दिसली नाही.

मराठी वाचकापर्यंत हा विषय बहुतेक वेळा एखाद्या शाळेतल्या गोळीबाराच्या बातमीतून पोहोचतो. चार दिवस चर्चा होते, "त्यांच्या घटनेतच लिहिलंय, काय करणार" असे कोणीतरी म्हणते आणि विषय मिटतो. घटनेत नेमके काय लिहिले आहे, ते कोणासाठी लिहिले होते आणि त्याच्या जोडीला असलेली जबाबदारी वाटेत कुठे निसटली, हे समजून घेतल्याशिवाय आजचे भांडण कळत नाही.

एक वाक्य, दोन वाचने

मूळ इंग्रजीत दुसरी दुरुस्ती अवघ्या २७ शब्दांची आहे. तिचा आशय असा: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुनियंत्रित मिलिशिया आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे ठेवण्याच्या आणि धारण करण्याच्या जनतेच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही.

वाक्याचा पहिला अर्धा भाग मिलिशियाबद्दल आहे, दुसरा जनतेच्या हक्काबद्दल. भांडण आहे ते या दोन भागांच्या नात्यावरून. एक पक्ष म्हणतो, हक्काचे कारण वाक्यातच सांगितले आहे. तेव्हा हा हक्क नागरी सेनेच्या कामापुरता. दुसरा म्हणतो, पहिला भाग केवळ प्रस्तावना आहे. हक्क जनतेला दिला आहे आणि जनता म्हणजे एकेक माणूस.

हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होते? एक तर इंग्लंडचा वारसा. १६८९ च्या इंग्लिश हक्कपत्रात प्रोटेस्टंट प्रजेला संरक्षणासाठी शस्त्रे ठेवण्याची मुभा होती, पण ती "त्यांच्या स्थितीला साजेशी आणि कायद्याला मान्य असतील तितकी". दुसरे म्हणजे अगदी ताजी आठवण. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे ब्रिटिश सैनिक बॉस्टनजवळच्या काँकर्ड गावाकडे निघाले होते ते तिथे साठवलेली हत्यारे आणि दारूगोळा ताब्यात घ्यायला. वाटेत लेक्झिंग्टनला गोळीबार झाला आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटले. राजाची पगारी फौज दाराशी उभी राहिली की काय होते हे या लोकांनी अनुभवले होते. म्हणून कायमची खडी फौज त्यांना नको होती. देशाचे रक्षण शेतकऱ्या-कारागिरांच्या मिलिशियाने करावे असे त्यांना वाटे. आणि १७८७ च्या नव्या घटनेने तर मिलिशियाला संघटित आणि सशस्त्र करण्याचा अधिकार केंद्राकडे दिला होता. उद्या केंद्राने मुद्दामच तिला निःशस्त्र ठेवले तर? ही धास्ती शमवणे हा दुसऱ्या दुरुस्तीचा एक मोठा हेतू होता.

ते सरकारवर अविश्वास ठेवणारे होते, हे खरे. पण त्याच वर्षांत, १७८६-८७ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन न्यायालये बंद पाडली, तेव्हा ते बंड मोडायला मिलिशियाच गेली होती. सशस्त्र नागरिक म्हणजे सरकारविरुद्ध उभा राहणारा माणूस, ही कल्पना त्या काळातही अर्धीच खरी होती. तो सरकारने बोलावल्यावर धावून जाणाराही होता.

बॉस्टनमधल्या भरलेल्या बंदुका

जुन्या काळात बंदुकांवर बंधनेच नव्हती, ती सगळी विसाव्या शतकात आली, असा समज अमेरिकेतही पसरलेला आहे. तो टिकणारा नाही.

१७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बॉस्टन शहरापुरता एक कायदा केला. राहत्या घरात, तबेल्यात, कोठारात, दुकानात दारू ठासलेली बंदूक आणायला बंदी. मोडल्यास दहा पौंड दंड आणि बंदूक जप्त. कारण साधे होते: लाकडी घरांचे शहर, आग लागली की विझवायला जाणाऱ्यांच्या अंगावर भरलेल्या बंदुका उडत. घरात किती दारू ठेवावी यालाही शहरोशहरी मर्यादा होत्या. युद्धकाळात पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्सने, जे नव्या राज्याशी एकनिष्ठतेची शपथ घेणार नाहीत त्यांची शस्त्रे काढून घेण्याचे कायदे केले होते. पुढे १८१३ पासून केंटकी, लुइझियाना आणि पाठोपाठ इतर राज्यांनी कपड्याखाली लपवून हत्यार बाळगायला बंदी घातली. आज बंदुकांच्या बाबतीत सर्वांत सैल मानल्या जाणाऱ्या दक्षिणेतच हे कायदे आधी आले. उघड बाळगणारा माणूस सरळ, लपवणाऱ्याच्या मनात काळेबेरे, असा तेव्हाचा हिशेब होता.

चित्रपटांतून डोक्यात बसलेल्या पश्चिमेकडच्या गावांचेही तसेच. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत "बंदुका बाळगण्यास सक्त मनाई" असा मोठा फलक लागलेला असे. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये गावात शिरताना हत्यार जमा करावे लागे. २६ ऑक्टोबर १८८१ ची तिथली प्रसिद्ध चकमक झडली ती हा नियम मोडणाऱ्यांची शस्त्रे काढून घ्यायला पोलीस गेले तेव्हा.

म्हणजे हक्क आणि बंधन सुरुवातीपासून एकत्र नांदत होते. पण याच इतिहासाची एक काळी बाजू आहे आणि ती वगळून बंधनांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

"जनता" म्हणजे कोण

१७९२ च्या कायद्यातला "गोरा" हा शब्द पुन्हा वाचा. वसाहतींच्या काळापासून मूळनिवासी लोकांना बंदुका विकायला ठिकठिकाणी मनाई होती आणि गुलामांच्या हाती हत्यार पडू नये म्हणून दक्षिणेत कडक कायदे होते. तिथल्या मिलिशियाचे एक मोठे काम गुलामांवर पहारा ठेवणे, रात्री गस्त घालून पळालेल्यांना पकडणे हेच होते.

१८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. त्यात त्यांनी एक भीती उघड बोलून दाखवली: यांना नागरिक मानले तर जातील तिथे शस्त्रे बाळगण्याचा हक्कही यांना मिळेल. त्या निकालपत्रात हक्क मान्य आहे. तो या माणसांना मिळू नये म्हणून त्यांचे माणूसपणच नाकारले आहे.

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपीने कायदा केला की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगू नये. परवाना देणारे अर्थातच गोरे. आपल्या वाचकाला इथे काहीतरी ओळखीचे वाटेल. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत ब्रिटिशांनी हिंदुस्थानात जो शस्त्र कायदा आणला त्यात हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती. दोन्ही कायद्यांत बंदूक हे निमित्त होते. कोणावर भरवसा ठेवायचा आणि कोणावर नाही हे सत्तेने ठरवले होते.

१८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. ती घडवणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात हे निःशस्त्रीकरण होते. पण कागद आणि जमीन यांतले अंतर १३ एप्रिल १८७३ ला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात दिसले. निवडणुकीच्या वादातून कृष्णवर्णीय लोक तिथल्या न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करत होते. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही ठार मारले. मोजक्या आरोपींना शिक्षा झाल्या होत्या, त्याही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. न्यायालय म्हणाले, दुसरी दुरुस्ती केंद्र सरकारला बांधते. खासगी माणसांनी कोणाचे शस्त्र हिसकावले तर त्यासाठी ती नाही. ज्यांना स्वसंरक्षणाची सर्वाधिक गरज होती त्यांच्या हाती हा हक्क आलाच नाही. मेम्फिसमध्ये तीन स्नेह्यांची झुंडबळीत हत्या झाल्यावर पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्ये लिहिले की कायदा जे संरक्षण नाकारतो ते मिळवण्यासाठी प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी. बंदुकीच्या हक्काची बाजू मांडणारे जे युक्तिवाद मी वाचले आहेत, त्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो.

पुढची दोन उदाहरणे विसाव्या शतकातली. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यांनी बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. आणि २ मे १९६७ रोजी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होते. काही महिन्यांतच रस्त्यावर भरलेली बंदूक बाळगायला बंदी आली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, ज्यांना १९८० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बंदूकधारकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने पाठिंबा दिला.

मिलिशिया विरली, बंदूक राहिली

कवायतीचे ते मैदान हळूहळू ओस पडले. १८२०-३० च्या सुमारास मिलिशियाचे मेळावे खाण्यापिण्याच्या जत्रा बनले होते. गरिबाला बंदुकीचा खर्च आणि बुडणारा दिवस परवडत नसे, श्रीमंत दंड भरून मोकळा होई. राज्यांनी सक्ती सोडून दिली. १९०३ च्या कायद्याने मिलिशियाची जागा सरकारी शस्त्रे वापरणाऱ्या नॅशनल गार्डने घेतली. नागरिकाच्या बंदुकीला समाजाशी बांधणारी जी व्यवस्था होती (प्रशिक्षण, तपासणी, नोंद, वरिष्ठाची शिस्त) ती अशी कोणी ठरवून न मोडताच संपली. हक्काचे वाक्य मात्र घटनेत होते तिथेच होते. माझ्या मते आजच्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

ही पोकळी तयार होत असतानाच, १८७१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. यादवी युद्धात आपल्या सैनिकांचा नेम किती वाईट होता हे पाहिलेल्या विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या दोन अधिकाऱ्यांची ही कल्पना. नेमबाजी शिकवणे आणि बंदूक नीट हाताळायला लावणे हे तिचे काम. पहिल्या शंभर वर्षांत ही संघटना कायद्यांना सरसकट विरोध करणारी नव्हती. १९३४ मध्ये संसदीय समितीसमोर तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी सांगितले होते की सर्वांनी सर्रास बंदूक घेऊन हिंडावे हे त्यांना पटत नाही. त्यावर कडक मर्यादा आणि परवाना हवा.

ती साक्ष झाली त्याला दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांची पार्श्वभूमी होती. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले. १९३४ च्या राष्ट्रीय कायद्याने मशीनगन, नळी कापून आखूड केलेल्या बंदुका आणि आवाज दाबणारे सायलेन्सर यांच्यावर नोंदणी आणि २०० डॉलर कर लावला. त्या काळी टॉमीगन नावाची हलकी मशीनगनच जवळपास तेवढ्याला मिळे. पिस्तुलेही यात येणार होती, ती शेवटी वगळली. या कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारले: कापलेल्या नळीच्या बंदुकीचा सुनियंत्रित मिलिशियाशी काही संबंध आहे का? संबंध दाखवला गेला नाही, तेव्हा संरक्षण नाही. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे न्यायालये याच वाटेने चालली.

१९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींना मारणारी रायफल टपालाने मागवलेली होती. १९६८ मध्ये एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि त्या वर्षअखेर टपालाने बंदुका विकणे बंद झाले. गुन्हा सिद्ध झालेल्यांना, व्यसनींना आणि न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्यांना विक्रीची मनाई झाली. बंदूकधारकांमधला एक गट यावर चिडला. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत या गटाने रायफल असोसिएशनचे जुने नेतृत्व रातोरात उलथवले आणि नेमबाजांची संस्था राजकीय ताकद झाली. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले वॉरन बर्गर, हे स्वतः रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, त्यांनी १९९१ मध्ये म्हटले की दुसऱ्या दुरुस्तीचा हा नवा अर्थ म्हणजे जनतेची फसवणूक आहे.

त्या ताकदीचा एक परिणाम १९८६ च्या कायद्यात दिसतो. केंद्र सरकारला बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवायला त्याने मनाई केली. आजही गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्रातले कर्मचारी कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान अशी साखळी जोडत जातात आणि बंद पडलेल्या दुकानांची जुनी कागदपत्रे चाळतात. मालकाचे नाव टाकून शोध घेता येईल अशी यादी नाही. १७९२ च्या अधिकाऱ्याकडे होती, तशीसुद्धा नाही.

न्यायालयाने रस्ता बदलला

२६ जून २००८. वॉशिंग्टन शहरात घरात पिस्तूल ठेवायला जवळपास पूर्ण बंदी होती आणि लांब बंदुका सुट्या करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवाव्या लागत. डिक हेलर नावाच्या सुरक्षारक्षकाने याला आव्हान दिले: दिवसा सरकारी इमारतीत पिस्तूल कमरेला लावून मी पहारा देतो, घरी मात्र ठेवू शकत नाही. पाच विरुद्ध चार मतांनी तो जिंकला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिले की दुसरी दुरुस्ती व्यक्तीचा हक्क मान्य करते, मिलिशिया असो वा नसो, आणि घरात स्वसंरक्षण हा त्याचा गाभा आहे. २०१० मध्ये शिकागोच्या ओटिस मॅकडोनाल्ड या वयोवृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थाच्या खटल्यात हा हक्क राज्यांनाही लागू झाला. कोलफॅक्सच्या खटल्यात १८७६ मध्ये दिलेले उत्तर १३४ वर्षांनी बदलले, आणि चौदाव्या दुरुस्तीच्या आधारेच बदलले.

हेलर निकालात दोन्ही बाजूंनी बॉस्टनचा १७८३ चा कायदा काढला गेला. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर म्हणाले, बघा, घरात भरलेली बंदूक तेव्हाही चालत नव्हती. स्कॅलियांचे उत्तर: तो आगीपासून बचावाचा नियम होता, त्याची तुलना बंदीशी होत नाही. पण त्याच निकालात त्यांनी असेही नोंदवले की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांवरची मनाई, शाळा आणि सरकारी इमारतींतली मनाई, विक्रीवरच्या अटी यांना धक्का लागत नाही, आणि अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे नियमही बाद होत नाहीत. निकालाचा हा भाग बंदूकप्रेमी सांगत नाहीत आणि बंदूकविरोधक वाचत नाहीत.

२३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालाने पुढचे पाऊल टाकले. घराबाहेर पिस्तूल बाळगायला "विशेष कारण" दाखवा, हा न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षे जुना नियम सहा विरुद्ध तीन मतांनी गेला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी नवी कसोटी घातली: बंदुकीवरचे कोणतेही बंधन टिकायचे तर ते देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसते हे सरकारने दाखवावे. त्या बंधनाने जीव वाचतात का, हा प्रश्न न्यायालयापुढे आता उरला नाही. देशभरचे न्यायाधीश अठराव्या शतकातले कायदे धुंडाळू लागले.

याचा कस लागला रहिमी खटल्यात. पत्नीला किंवा जोडीदाराला मारहाण, धमक्या यांमुळे ज्याच्यावर न्यायालयाने संरक्षण आदेश काढला आहे अशाने बंदूक ठेवू नये, असा १९९४ चा नियम होता. टेक्सासवर अधिकार असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण १७९१ मध्ये तसा कायदा नव्हता. कसा असेल? तेव्हा बायकोला मारणे हा बहुतेक ठिकाणी घरातला मामला समजला जाई. २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी नियम वाचवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटले की हुबेहूब जुना कायदा सापडायला नको, तत्त्व जुळले की पुरे. आणि त्यांनी आधार घेतला तो जुन्या हमीच्या कायद्यांचा: एखाद्यापासून धोका आहे अशी तक्रार आली की दंडाधिकारी त्याच्याकडून शांतता राखण्याची हमी लिहून घेई. आपल्याकडे पोलीस ठाण्यात "चॅप्टर केस" करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतात ना, तीच पद्धत. दोन्हींचे मूळ इंग्लंडच्या कायद्यात आहे. गंमत अशी की एकटे विरोधी मत ब्रुएन लिहिणाऱ्या थॉमस यांचेच होते.

माझे मत सांगतो. इतिहास पाहून हक्क समजून घेणे योग्य, पण ज्या इतिहासात स्त्रिया, गुलाम आणि मूळनिवासी "जनता" नव्हते, त्यात काय नव्हते यावरून आज काय नसावे हे ठरवणे धोक्याचे आहे.

आज बंदूक घेताना काय होते

परवानाधारक दुकानातून घ्यायची तर एक फॉर्म भरावा लागतो: गुन्हा, व्यसन, कौटुंबिक हिंसाचार, स्थलांतराची स्थिती असे प्रश्न. मग १९९८ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेत तपासणी होते. ही यंत्रणा उभी राहिली ती १९९३ च्या ब्रेडी कायद्यामुळे. १९८१ मध्ये रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात डोक्याला गोळी लागलेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांचे नाव त्याला आहे. दुकानातून लांब बंदूक १८ व्या वर्षी मिळते, पिस्तुलाला २१ पूर्ण लागतात. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदार विकू शकतो. आणि खासगी माणसाने आपली बंदूक राज्यातल्याच दुसऱ्याला विकली तर केंद्रीय कायद्याने तपासणीची सक्ती नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून घातली आहे.

राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायला आधी पोलिसांकडून परवानगी लागते. टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरचा बहुतेक कोणीही विनापरवाना पिस्तूल बाळगू शकतो. विद्यार्थी म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या आपल्या मुलांना याची कल्पना नसते.

राष्ट्रीय पातळीवर कायदा हलणे फार अवघड. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले, तरी चार महिन्यांनी खासगी विक्रीवरच्या तपासणीचा प्रस्ताव सिनेटमध्ये पडला. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युव्हाल्डीत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्यावर महिन्याभरात जवळपास तीन दशकांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. त्याने २१ वर्षांखालच्या ग्राहकांची अधिक तपासणी सुरू केली आणि धोकादायक व्यक्तीची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणाऱ्या राज्यांना निधी दिला.

पण सामूहिक गोळीबार हा या दुःखाचा लहान भाग आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक, २६,३२८, आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहापैकी जवळजवळ नऊ वेळा जीव घेतो. दुसऱ्या संधीला जागाच राहत नाही. २०२० मध्ये १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण म्हणून बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकले.

म्हणून मला सर्वांत आशेची वाटते ती घरात बंदूक कशी ठेवायची याची वाढती सक्ती. मूल बंदुकीपर्यंत पोहोचले तर मालक जबाबदार, असा पहिला कायदा १९८९ मध्ये फ्लोरिडाने केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९८ पासून बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक आहे. २०२४ मध्ये मिशिगनमध्ये, शाळेत चौघांना मारणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी किमान १० वर्षांची शिक्षा झाली. त्यांनीच त्याला पिस्तूल घेऊन दिले होते आणि शाळेने धोक्याची सूचना देऊनही घरच्या पिस्तुलाची चौकशी केली नव्हती. यातल्या कशानेही कोणाचा हक्क गेला नाही.

२०११ मध्ये फ्लोरिडाने डॉक्टरांना रुग्णाच्या घरात बंदूक आहे का असे विचारायला मज्जाव केला होता. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो बहुतांश रद्द केला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांना तर कोणीच अडवलेले नाही. मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवताना ॲलर्जीबद्दल सांगतो, कुत्रा आहे का विचारतो, तसेच घरात बंदूक आहे का, असल्यास रिकामी करून कुलपात ठेवता का, हेही विचारावे. २०१५ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणावरून केलेल्या अंदाजानुसार ४६ लाख मुले अशा घरांत राहत होती जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती. विचारायला संकोच वाटतो, हे मान्य. तिथले बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारायला सांगतात, आणि बंदूक नीट सांभाळणाऱ्या घरातल्या माणसाला त्याचे उत्तर द्यायला सहसा अवघड वाटत नाही.